रविवारची गोळी आणि आबांचं दूध

तुमच्या हातात आत्ताच स्टेरॉइड लिहिलेला कागद पडला असेल, तर आधी खाली बसा आणि घोटभर पाणी प्या. मग हे वाचा. मी डॉक्टर नाही. मी पत्रकं लिहिते. पण ती गोळी मी दीड वर्षाहून जास्त घेतेय, तिनं माझी मूत्रपिंडं वाचवली आणि माझा एक मणका दाबला. दोन्ही खरं आहे. एकच खरं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

माझं वय सत्तावीस. गाव म्हसवड. घर मेंढरांचं, आता ज्वारी-बाजरीपुरती शेतीही आहे. मी मात्र सांगलीत खोली करून राहत होते आणि एका छोट्या संघटनेचं काम करत होते. काम म्हणजे सरकारी दवाखान्यात औषध का नाही हे विचारत हिंडायचं आणि त्यावर पत्रकं काढायची. माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक होतं ‘डॉक्टरांना विचारा’. गोळी कशासाठी, किती दिवस, कशाबरोबर, हे कळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, असं मी त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं.

हे ध्यानात ठेवा. पुढे याचीच लाज निघणार आहे.

निदानाचा दिवस

सुरुवात बोटांपासून झाली. सकाळी पेन धरता येईना. मग गालांवर लाल चट्टा आला, मग पाय सुजले, इतके की चपलेचा पट्टा रुतायला लागला. मी म्हणत राहिले, दगदग आहे. दुसऱ्यांना दवाखान्यात ढकलणारी माणसं स्वतः जायला किती उशीर करतात, यावर एक वेगळं पत्रक निघेल.

शेवटी आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. उंचापुरा माणूस, डोक्याला पटका, हातात काठी. ती काठी त्यांनी सांगलीच्या मोठ्या दवाखान्यातही सोडली नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “ल्युपस आहे. शरीराची जी ताकद रोगाशी लढते, तीच तुमच्या मुलीच्या शरीरावर, मूत्रपिंडांवर उलटलीय.”

मला एक अक्षर कळलं नाही. आबांना कळलं.

“म्हंजी राखणीचं कुत्रं आपल्याच मेंढरांस्नी चावाय लागलंय.”

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. “अगदी तसंच.”

“मग कुत्रं मारून चालत न्हाई. बांधून घालाय लागतंय.”

“स्टेरॉइड म्हणजे ती साखळी समजा,” मॅडम म्हणाल्या. “पण साखळी जड आहे. पुष्कळ दिवस घ्यावं लागलं तर हाडं झिजतात. शरीर हाडातलं काढून घेतं.”

आबांनी मान हलवली. हेही त्यांना माहीत होतं. दुभत्या शेळीला खुराक कमी पडला की ती स्वतःच्या हाडातलं काढून दूध देते आणि मग माळावर पडलेली जुनी हाडकं चघळत हिंडते. हे त्यांनी मॅडमना तिथंच सांगितलं, बाहेर रुग्णांना बाकावर बसायला जागा नसताना. मॅडमनी ऐकून घेतलं. त्याबद्दल त्यांचे उपकार.

मग हाडांसाठी त्यांनी तीन औषधं लिहिली. रोजची कॅल्शियमची गोळी, ‘ड’ जीवनसत्त्व, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी. “लग्न, मूल यांचा इतक्यात विचार आहे का? असेल तर ही आठवड्याची गोळी फार जपून द्यावी लागते,” असं त्यांनी विचारलं. आबा एकदम छताकडे बघायला लागले. मी नाही म्हणाले.

आणि बास. एवढंच. ‘डॉक्टरांना विचारा’ लिहिणारी बाई पुढे एक प्रश्न न विचारता खुर्चीवरून उठली. कारण माझ्या डोक्यात एकच चालू होतं, मी मरणार का. घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही. हे मला पत्रक लिहिताना माहीत नव्हतं.

वॉर्ड

अकरा दिवस होते. पहाटे पाचला दंडाला पट्टा आवळून रक्तदाब, मग लघवीची बाटली, मग अळणी खिचडी. स्टेरॉइडनं भूक अशी लागायची की शेजारच्या मावशींच्या डब्याकडे मी मांजरासारखी बघायची. चेहरा आठवड्यात गोल झाला. आई भेटायला आली आणि खूश होऊन म्हणाली, “तोंड भरलं गं माझ्या लेकीचं.” मी आरशात बघून रडले. ती शेंगदाण्याची चटणी काढायला लागली. मला मीठ बंद आहे म्हणताच ती पण रडली. मग दोघींनी मिळून अळणी खिचडी खाल्ली.

बायकांच्या वॉर्डात आबांना थांबू देत नव्हते. ते खाली लिंबाच्या झाडाखाली उभे राहायचे, काठीवर हनुवटी टेकून, मेंढरांमागं उभे असतात तसे. सकाळी आठला मी खिडकीतून टॉवेल हलवायचा, ते काठी वर करायचे. तेवढं झालं की मला दिवस जाईल असं वाटायचं. अकरा दिवसांत एकदाही ती काठी चुकली नाही.

नाथाचा वार

एकटी राहायची ताकद नव्हती, म्हणून म्हसवडला घरी आले. माणदेशातली मी, जन्म उन्हात गेला, आणि आता ऊन बंद. ल्युपसला ऊन चालत नाही. हाडांना मात्र ऊन लागतं. हा पेच कोणी सोडवून देत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची गोळी घ्यायची आणि दिवसा सावलीत बसायचं.

आठवड्याची गोळी आबांनी स्वतःकडे घेतली. “ऐतवारी घिऊ. नाथाचा वार हाय, इसरायचा न्हाई.” आमच्याकडे रविवार सिद्धनाथाचा. त्या दिवशी आबा पहाटे आंघोळ करून देवळात जातात. जायच्या आधी शेळीची धार काढायची, दूध तापवायचं, पितळी पेल्यात ओतायचं आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवायची. मी अंथरुणातच उठून बसायची.

“हाडाची गोळी हाय. हाडाच्या खुराकाबरूबरच जाऊ दे.”

मी गोळी टाकायची, दूध प्यायची, आणि पुन्हा आडवी व्हायची. आबा पांघरूण सारखं करून देवळात जायचे. आईला माझं कौतुक, मला आबांचं, आणि आबांना शेळीचं. असे पाच महिने गेले.

आता चिडून लिहिते, कारण इथं चिडायलाच पाहिजे. ही गोळी कशी घ्यायची ते तिच्या डबीत असलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि औषधाच्या दुकानात पट्टी कापून पाकिटात घालून दिली, डबी तिथंच राहिली. म्हणजे तो मुंगीएवढा कागदही आमच्यापर्यंत पोचला नाही. आम्ही पोचू दिला नाही असंही म्हणा. मी मागितला नाही.

गठ्ठा

पाच महिन्यांनी बरं वाटायला लागलं. सूज उतरली, बोटं चालायला लागली. मी एक दिवस सांगलीला कार्यालयात गेले, आणि नवीन छापून आलेल्या पत्रकांचा गठ्ठा वाकून उचलला. पाठीत मध्यभागी काहीतरी कट्‌ झालं. आवाज मला ऐकू आला की नुसता जाणवला, आजही सांगता येत नाही. मी गठ्ठ्यावरच बसले.

एक्स-रे. मग हाडं किती भरीव आहेत ते बघणारी डेक्सा तपासणी. यात दुखत नाही की टोचत नाही, सपाट फळीवर झोपायचं आणि वरून यंत्राचा हात सरकत जातो. मॅडमनी निकाल समोर धरला. एक मणका थोडा दबला होता. हाडं माझ्या वयाला शोभणार नाहीत इतकी विरळ होती.

“आणखी एक दबला तर पाठीला बाक यायला लागेल,” मॅडम म्हणाल्या. “पण मला एक कळत नाही. गोळी चालू असताना पाच महिन्यांत एवढं व्हायला नको होतं. घेतेस ना?”

“एक पण चुकवली नाही.”

त्यांनी मला शेजारच्या खोलीत सिस्टरांकडे पाठवलं. आबा तेव्हा खाली औषधाच्या रांगेत होते.

या सिस्टर कुंडलच्या. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी एक रिकामा कप माझ्यासमोर ठेवला.

“कशी घेतीस ती गोळी?”

“आठवड्यातून एकदा, सकाळी…”

“सांगू नकोस. करून दाखव. ही खाट, हा कप, ही गोळी समज.” त्यांनी कपाशेजारी शर्टाचं एक बटण ठेवलं.

मला हसू आलं. मी खाटेवर बसले, बटण उचललं, कप तोंडाला लावला.

“कपात काय हाय?”

“दूध.”

सिस्टर बघतच राहिल्या. “आणि मग?”

“मग परत झोपते.”

“आगं बया!” त्यांनी कपाळाला हात लावला. “पोरी, दुधातलं कॅल्शियम या गोळीला धरून बसतंय. ती अंगात शिरतच न्हाई. आली तशी गेली. आणि वर आडवी हुतीस? अन्ननलिका जाळून घेतली असतीस. उपाशीपोटी, पेलाभर साधं पाणी, आणि पुढं अर्धा तास उभं न्हाईतर ताठ बसायचं. चहा न्हाई, दूध न्हाई, दुसरी गोळी न्हाई. कॅल्शियमची गोळी मागनं, जेवणाबरूबर. कुणी दिलं दूध?”

“आबांनी.”

त्यांचा आवाज एकदम खाली आला. “व्हय. मायेची माणसंच देत्यात. परक्याला कशाला सुचतंय.”

तीन रविवार

परतीच्या एसटीत आबा शेजारी बसले होते. दबलेल्या मणक्याचं ऐकल्यापासून ते कमी बोलत होते. विट्याच्या स्टँडवर त्यांनी माझ्यासाठी केळी घेतली आणि म्हणाले, “शेळीला पेंड वाढवतो. दूध अजून घट व्हईल. मग बघ हाडं कशी धरत्यात.”

मी केळं सोलत राहिले.

जिल्ह्याच्या साहेबांच्या दालनात टेबलावर हात आपटून बोललेली मी. आणि या माणसाला सांगता येईना की, आबा, तुमच्या दुधानं गोळी वाया गेली. पाच महिने. मणका त्यानंच दबला असं कोणी ठाम सांगू शकत नव्हतं. पण आबा तसंच धरून बसणार, हे मला पक्कं माहीत होतं.

मग मी खोटेपणा केला. रविवारी त्यांच्या आधी उठून पाण्याबरोबर गोळी घ्यायची, परसात फेऱ्या मारायच्या, आणि आबा पेला घेऊन आले की म्हणायचं, “गोळी घेतली. दूध ठेवा, पिते.” अर्धा तास झालेला नसायचा, म्हणून ते गेले की दूध कुत्र्याच्या वाडग्यात. पहिल्या रविवारी आबा म्हणाले, “माझ्या हातनं घ्यायचीस की.” दुसऱ्या रविवारी नुसता पेला ठेवून गेले. तिसऱ्या रविवारी देवळात गेलेच नाहीत. दाराआडून त्यांनी वाडगं बघितलं.

“दूध नासलंय व्हय?”

“नाही आबा.”

“मग कुत्र्याला का?”

आई चुलीपुढनं ओरडली, “सांग की एकदा! तीन ऐतवार झालं मी बघतीया. मनात ठिवून काय कुजवायचंय?”

मग सांगितलं. सिस्टरांनी सांगितलं तसं, सगळं. बटणाचंही. आबा दारातच बसले. पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मी आबांना इतका वेळ बोडक्या डोक्यानं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

मग म्हणाले, “मेंढराचा पाय मोडला तर मी काय करतो?”

“कामट्या बांधता.”

“बांबूच्या कामट्या लावून, फडकं आवळून. आणि चुकून वाकड्या बसल्या तर?”

मी कुत्र्याचं वाडगं उचललं.

“उकलतो आणि पुन्यांदा बांधतो. मालकाला वाईट वाटंल म्हणून मेंढरू तसंच वाकडं हिंडू द्यायचं? तीन ऐतवार तू मला उकलू दिलं न्हाईस, त्याचा राग हाय मला. चुकीचा न्हाई. सायबाम्होरं बोलतीस न्हवं? मग बापाम्होरं काय वाचा बसली?”

उठून त्यांनी तो पितळी पेला विसळला, माठातलं पाणी भरलं आणि खिडकीत ठेवला. “हा पाण्याचा. दुधाचा सांजच्याला दुसरा काढू.”

एवढं बोलून बाहेर गेले. गोठ्यात बराच वेळ काहीतरी आपटत होते. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. त्येंचं डोळं पुसून झालं की येतील.”

अर्धा तास

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी गोळी पाण्याबरोबर गेली आणि पुढचा अर्धा तास आबांच्या ताब्यात गेला. सूर्य वर यायच्या आधी मेंढरं वाघरीतून सुटतात. वाघर म्हणजे त्यांच्याभोवती रात्री लावलेली जाळी. गोळी घेतली की मी मेंढरांबरोबर चालायचं. आबा मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपासून लांब धरून पुकारत राहायचे.

“अजून धा मिन्टं हायती. बसायचं न्हाई.”

“बसलं तर चालतं आबा. फक्त आडवं नाही व्हायचं.”

“सिस्टरनी तुला सांगितलं आसंल. मी उभंच धरलंय.”

चालणं हाडांना हवंच होतं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी तेच सांगितलं, शिवाय पाठ ताठ ठेवायचे व्यायाम दिले आणि वाकून ओझं उचलायला बंदी केली. आबांनी ती बंदी घरभर लावली. मी पाण्याची कळशी नुसती हलवली तरी बाहेरून हाक यायची, “कोण हाय त्ये?” एकदा कोकरू उचललं तर म्हणाले, “त्येला पाय हायत.”

सगळंच गोड नव्हतं. स्टेरॉइडचा डोस मॅडम हळूहळूच उतरवत होत्या आणि मला घाई होती. एकदा चेहऱ्याला वैतागून मी म्हटलं, बंद करते. आईनं गोळ्यांचा डबा पदराखाली घेतला. “मॅडम सांगंल तवाच बंद. एकदम सोडली तर जिवावर बेततंय म्हणून त्येंनी धा वेळा सांगितलंय.” आम्ही दोन दिवस बोललो नाही. पाठ दुखायची तेव्हा मी सगळ्यांवर ओरडायची. आबा म्हणायचे, “वरडू दे. वरडायला ताकद हाय म्हंजी बरं हाय.”

आणि तरी दर रविवारी चालताना एकच विचार असायचा. त्या पाच महिन्यांत गेलेलं परत येईल का? की पुढचा मणका आत्ताच कुठंतरी भुसभुशीत होत असेल? आबाही तोच विचार करत होते. चालताना ते आता माझ्या अर्धं पाऊल मागं असायचे, पडणाऱ्या माणसाच्या मागं असतात तसे.

दुसरी तपासणी

वर्षानं पुन्हा डेक्सा. पुन्हा ती सपाट फळी. आबा बाहेर काठीवर हनुवटी टेकून उभे. बसायला खुर्ची होती, बसले नाहीत.

मग आम्हा दोघांना आत बोलावून मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “उतरण थांबलीय. कंबरेच्या मणक्यांत तर थोडी भर पण पडलीय. दबलेला आहे तो तसाच राहणार, पण नवीन काही नाही.”

आबांनी विचारलं, “म्हंजी धरलं?”

“धरलं.”

आबा कुंडलच्या सिस्टरांना शोधत गेले. मी मागं पोचले तेव्हा ते त्यांच्यापुढं हात जोडून उभे होते आणि सिस्टर म्हणत होत्या, “आवं आबा, हात कसलं जोडताय, म्होरल्या खेपंला शेळीचं तूप आणा.”

पत्रक

घरी आल्यावर मी पत्रक लिहायला बसले. स्टेरॉइड तीन महिने किंवा जास्त चालणार असेल तर हाडांचं त्याच दिवशी विचारा. हाडांची तपासणी कधी करायची ते विचारा. प्रत्येक गोळी करून दाखवायला सांगा, नुसती ऐकू नका. औषधाची डबी मागून घ्या. घाबरला असाल तर शेजारच्या माणसाला प्रश्न विचारायला लावा. स्टेरॉइड मनानं बंद करू नका. आणि दवाखान्यांनो, ही माहिती मराठीत, दिसेल अशा अक्षरात, कागदावर का देत नाही? कशाची वाट बघताय?

खाली लिहिलं: “काही कुटुंबांत ही आठवड्याची गोळी दुधाबरोबर दिली जाते. ते चूक आहे.”

आबांनी कागद लांब धरून, बोट फिरवत, सगळा वाचला. त्या ओळीवर बोट थांबलं.

“ही काही कुटुंबं कुठली गं?”

“अशीच… असतात.”

“आपलंच की.”

“नाव कशाला घालायचं आबा? लोक म्हणतील…”

“नाव न्हाई घातलं तर वाचणारा म्हनंल, दुसऱ्या कुणाची तरी चूक हाय. माझी न्हाई. आणि शेळीखाली तांब्या घिऊन बसंल. लिव.”

मी पेन धरलं. ज्या बोटांना दीड वर्षापूर्वी पेन धरता येत नव्हतं, त्यांनी ती ओळ खोडली. आबा शेजारी बसून बघत होते, बरोबर लिहितेय ना म्हणून.

तर लिहिते. म्हसवडच्या माझ्या आबांनी पाच महिने, दर रविवारी पहाटे, मला हाडाची गोळी शेळीच्या गरम दुधाबरोबर दिली. ते चुकलं. कळल्यावर त्यांनी उकललं आणि पुन्हा बांधलं. तुम्हीही पाण्याबरोबर घ्या, आणि अर्धा तास आडवं होऊ नका.

दूध संध्याकाळी प्या. मी पिते. अजून त्याच शेळीचं.